‘आमच्या वेळी’ची दहशत

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, आणि तिच्यात एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली हवी, असं तो सांगतो. नागपुरातल्या काही कार्यालयांत ती बाहेरची सदस्य मी आहे. वर्षातून एकदा प्रशिक्षण, मधूनच एखादी तक्रार, असं ते काम. प्रशिक्षण संपलं की चहा-पोहे येतात आणि खरं बोलणं तेव्हा सुरू होतं. समितीच्या अध्यक्ष मॅडम, बहुधा पन्नाशीच्या, मला बाजूला घेतात आणि म्हणतात, “हे सगळं ठीक आहे हो ताई, पण या आजकालच्या पोरींना काही बोलायची सोयच नाही राहिली.”

मग यादी निघते. सहा वाजले की पर्स उचलते. रात्री मेसेज टाकला तर उत्तर सकाळी देते. पाळीसाठी सुट्टी मागते. जरा आवाज चढवला तर ‘टॉक्सिक’ म्हणते. आठ महिन्यांत नोकरी सोडून जाते. आणि शेवटी ते वाक्य येतंच: “आमच्या वेळी असं नव्हतं.”

हे वाक्य मी बँकेत ऐकलं, इंजिनिअरिंग कॉलेजात ऐकलं, मिहानकडच्या संगणक कंपनीत ऐकलं, खाजगी दवाखान्यात ऐकलं. आणि आपल्या स्त्री-संस्थांच्या कार्यालयांतही ऐकलं, अगदी त्याच सुरात. म्हणून हा लेख आपल्याच अंकात लिहिते आहे. व्यवस्थापनाच्या मासिकांत या विषयावर पुष्कळ छापून येतं. नव्या पिढीला ‘कसं हाताळावं’ याचे वर्ग चालतात, त्यासाठी पुण्या-मुंबईहून पाहुणे बोलावले जातात. हाताळावं! जसं काही ते काचसामान आहे. माझं म्हणणं असं की पिढीचा हा सगळा बोलबाला मुळात कामाच्या अटींवर घातलेलं पांघरूण आहे. ते ओढून बाजूला करायचं काम स्त्री-चळवळीचं होतं. ते करायचं सोडून आपल्यातल्या अनेकजणी त्याच पांघरुणाखाली जाऊन बसल्या आहेत.

‘आमच्या वेळी’ म्हणजे नेमकं काय होतं ते एकदा पाहू. जी मॅडम मला हे सांगते ती १९९० च्या आसपास नोकरीला लागलेली आहे. तिला नियुक्तिपत्र मिळालं, वर्ष-दोन वर्षांत ती कायम झाली, भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ लागला, वेतन आयोग लागू झाला, बाळंतपणाची भरपगारी रजा मिळाली. रात्री आठपर्यंत थांबली तर त्या थांबण्याचं काहीतरी मोल पुढे मिळणार होतं. तिच्या हाताखालची पोरगी भंडाऱ्याहून, गोंदियाहून आलेली, प्रतापनगरात चौघींत एक खोली करून राहणारी, तिच्या हातात अकरा महिन्यांचा कागद आहे. तोही कित्येकदा दुसऱ्याच एजन्सीच्या नावाचा. ती आठ महिन्यांत सोडून जाते म्हणून तिला निष्ठा नाही म्हणायचं, आणि कंपनी तिला अकराव्या महिन्यात सोडते त्याला काय म्हणायचं?

राज्य सरकारच्या कार्यालयांत तर पिढ्यांची ही रेघ तारखेनिशी आखलेली आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी जी लागली तिला जुनी पेन्शन. नंतर लागली तिच्यासाठी पगारातून कापून घेणारी वेगळी योजना. यावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आता त्याच टेबलांच्या रांगेत तिसरी येऊन बसली आहे, बाह्ययंत्रणेची. अशा भरतीसाठी नऊ एजन्सी नेमणारा शासन निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला, ओरड झाली, आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, पण एजन्सीची पोरगी टेबलावर आहेच. तिघी तेच काम करतात, तिघींचा पगार वेगळा, म्हातारपण वेगळं. आणि आपण म्हणतो, पिढ्यांमधलं अंतर!

वरून उपदेश करणारे तर तयारच आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांची चित्रफीत फिरली. त्यांना ९० तास हवे होते, रविवारही हवा होता. घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ पाहणार, असा त्यांचा सवाल होता. देशभर विनोद झाले. पण आपण त्या वाक्याकडे नीट पाहिलं का? त्यात कर्मचारी पुरुष आहे हे गृहीतच आहे. घरात एक बाई आहे, ती डबा भरते, पोरं सांभाळते, सासऱ्याच्या गोळ्या पाहते आणि उरलेल्या वेळात तोंड दाखवते. या बाईशिवाय ९० तासांचा माणूस ९० मिनिटंही उभा राहणार नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात गेलेला आहे, पुरुषांचा ८८ मिनिटं. जिच्या दिवसातून पावणेपाच तास आधीच गेलेले आहेत तिने ७० तास कुठून आणावेत?

बरं, हा रविवार काय आभाळातून पडला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज-निवेदनं केली, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये आठवड्याची सुट्टी मिळाली. कारखान्यातला ४८ तासांचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने आला, आणि त्यामागे मजूरमंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांचं काम होतं. त्याच्या थोडं आधी, जुलै १९४२ मध्ये आपल्या याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या त्या परिषदेने गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांसाठी रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन मागितली. रजा! १९४२ साली, तेही विडी वळणाऱ्या बायांसाठी. त्यांच्यातल्या कोणी म्हटलं नाही की आमच्या आयांनी बिनरजेचं काम केलं, मग या पोरींना काय धाड भरली. ‘आमच्या वेळी’चा खरा वारसा हवाच असेल तर तो हा आहे. आमच्या मॅडमना तो ठाऊक नसतो, आणि कोणी त्यांना तो सांगतही नाही.

उलट दिशेने मात्र गाडी जोरात चालली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकानं-आस्थापनांतला ९ वरून १० तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. त्या आठवड्यात मी एका मोठ्या कार्यालयात होते. चर्चा कशावर चालली होती? नव्या मुली मोबाइल फार पाहतात यावर.

पुण्याची गोष्ट सगळ्यांनी वाचली असेल. अर्न्स्ट अँड यंगच्या पुणे कार्यालयात मार्च २०२४ मध्ये लागलेली केरळची २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट चार महिन्यांत, जुलैत मरण पावली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र सप्टेंबरात बाहेर आलं. त्यात रात्रीबेरात्रीचं काम, सुट्टीच्या दिवशीचं काम, वरिष्ठांचा धाक, सगळं होतं. मृत्यू कामाच्या ताणामुळे झाला हे कंपनीने नाकारलं. मृत्यूच्या कारणाचा निवाडा मी इथे करत नाही, माझा तो अधिकार नाही. पण नंतर कामगार खात्याची माणसं तपासायला गेली तेव्हा दिसलं ते असं की ते कार्यालय २००७ पासून दुकानं व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालत होतं. जी नोंदणी आपल्या सीताबर्डीतल्या साडीच्या दुकानालाही करावी लागते, ती. या कायद्यात कामाचे तास आहेत, जादा कामाचा दुप्पट दर आहे. नोंदणीच नाही म्हटल्यावर तास मोजणार कोण? आणि हे सगळं बाहेर येत असताना देशाच्या अर्थमंत्र्यांनी एका महाविद्यालयात ताण सोसायला घरातून शिकवावं, अंतर्बळ देवाकडून येतं, असं सांगितलं. म्हणजे पुन्हा आईवरच आलं! तिने पोरीला सोसायला शिकवलं नाही म्हणून.

आता मी जिथून लिहायला सुरुवात केली त्या समितीकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

कायद्याचं कलम ४ सांगतं की समितीची अध्यक्ष त्या आस्थापनेतली वरिष्ठ पातळीवरची स्त्री असावी. चांगल्या हेतूने घातलेली तरतूद आहे. पण त्याचा अर्थ असा की तरुण मुलीला न्यायाकडे जायला जे दार आहे, त्या दारात पन्नाशीची मॅडमच उभी असणार. दार उघडं असणार की बंद, हे तिच्या ‘आमच्या वेळी’वर ठरणार.

एक प्रकरण सांगते. गोपनीयतेचं कलम आहे म्हणून खाणाखुणा बदलल्या आहेत. एका खाजगी आस्थापनेत चोविशीची मुलगी होती, यवतमाळकडची. तिचा विभागप्रमुख रात्री अकरानंतर मेसेज करायचा. आधी कामाचे, मग कामाच्या आडून, मग आडपडदाही नाही. ती अध्यक्ष मॅडमकडे गेली. मॅडम वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी तिला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, आम्ही तर काय काय सोसलं. तेव्हा समिती नव्हती की कायदा नव्हता. दुर्लक्ष करायला शीक, नाहीतर टिकशील कशी?” मुलीने दुर्लक्ष केलं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तीन महिने गेले, सहाही गेले. अकराव्या महिन्यात तिचा करार वाढवला नाही. माझ्यापर्यंत ती आली तेव्हा ती तिथली कर्मचारीही नव्हती. मला म्हणाली, “मॅडम माझ्याच बाजूच्या आहेत असं मले वाटत होतं.”

या वाक्याचा मला संताप येतो, आणि तो त्या मुलीवर नाही. मॅडमनी जे सोसलं ते खरं आहे. ते सांगायला त्यांना आयुष्यात कोणी जागा दिली नाही हेही खरं. पण सोसलेल्याची किंमत पुढच्या बाईकडून वसूल करायची ही रीत आपल्याला नवी आहे का? माजघरात तिला सासुरवास म्हणतात. सासूने जे भोगलं ते सुनेनेही भोगावं, त्याशिवाय घराला वळण राहत नाही! पन्नास वर्षं आपण त्या माजघराबद्दल लिहीत आलो, पथनाट्यं केली. तेच माजघर वातानुकूलित होऊन कार्यालयात आलं तर आपल्याला ओळखू येऊ नये?

मथुरेचं प्रकरण आपल्या विदर्भातलं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. खालच्या न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय दिलं? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती. त्या निकालाविरुद्ध देश पेटला आणि आजच्या स्त्री-चळवळीचा मोठा भाग त्या आगीतून आला. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे आपण तेव्हा शिकलो आणि दुसऱ्यांना शिकवलं. मग ‘आमच्या वेळी कोणी तक्रार करत नव्हतं’ हे वाक्य पुरावा कसं झालं? तक्रार नव्हती म्हणजे अन्याय नव्हता, की तक्रार नव्हती म्हणजे बाई कणखर होती? दोन्ही अर्थ न्यायालयाच्या त्या निकालाच्या जवळ जातात, चळवळीच्या नाही.

आणि आपल्या संस्था? मी एम.एस.डब्ल्यू. होऊन पहिल्यांदा ज्या संस्थेत लागले तिचं नाव घेत नाही. पगाराला तिथे पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. तास विचारायचे नाहीत, कारण चळवळीला तास नसतात. पोलिस ठाण्यातून रात्री साडेबाराला परतले तरी सकाळी नऊला वस्तीत. प्रकल्पाचा पैसा संपला की ‘तू तर आपल्यातलीच आहेस’ म्हणून तीन महिने काहीच नाही. भविष्यनिर्वाह निधीचा विषय काढला तर ज्येष्ठ ताई खिन्न होऊन म्हणाल्या होत्या, “आम्ही घरचे दागिने मोडून काम केलं गं.” केलं, खरंच केलं. ताईंच्या घरी दागिने होते आणि नवऱ्याला पगार होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी दागिन्यांचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या पगारावर घरचे चौघे जेवणार होते. ‘झोकून देणं’ कोणाला परवडतं हा जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे. पिढीचा म्हटला की तो सोपा होतो, आणि मुलगी आळशी ठरते.

मानधन या शब्दाचंच पाहा. विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ साली आली ती राजस्थानच्या भंवरीदेवींमुळे. त्या सरकारी कार्यक्रमातल्या साथिन होत्या, मानधनावर. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. या देशातल्या प्रत्येक नोकरदार बाईला मिळालेलं संरक्षण जिच्यामुळे आलं, ती स्वतः नोकरदार मानली जात नव्हती.

पिढीचा सिद्धांत कुठे मोडतो हे पाहायचं असेल तर अंगणवाडी सेविकांकडे पाहावं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्यात पंचविशीच्या किती होत्या? मी ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेक पंचेचाळीस-पन्नासच्या, पोरांची लग्नं झालेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये निकृष्ट सरकारी मोबाइल परत करायचं आंदोलनही यांनीच केलं. तक्रार फोनच्या दर्जाची होती, आणि इंग्रजी पोषण ट्रॅकरची. एक सेविका मला म्हणाली होती, “ॲप सून भरते माझी, तिले कोण मानधन देते?” या बाया कोणत्या पिढीच्या? त्यांनीही तास मोजले, कामाची यादी मागितली, ग्रॅच्युइटी मागितली. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यही केला. एजन्सीच्या मुलीत आणि पन्नाशीच्या सेविकेत वयाचं अंतर आहे, मागणीचं नाही. दोघींच्या समोर जी कायम पगाराची बाई बसली आहे, तिला दोघी सारख्याच उर्मट वाटतात.

तरुण मुलींनाही एक सांगायचं आहे, आणि ते गोड नाही. नोकरी सोडणं हे तुमचं एकमेव हत्यार झालं आहे. एकटीने राजीनामा द्यायचा, रात्री मैत्रिणींच्या ग्रुपवर चार ओळी टाकायच्या, सोमवारी दुसरीकडे. तुमच्या जागी आलेल्या मुलीला तोच विभागप्रमुख मिळतो. ‘टॉक्सिक’ शब्दाने माणूस दिसतो, करार दिसत नाही. केरळात कापड दुकानांतल्या बाया दिवसभर उभ्या राहायच्या, लघवीला जायची चोरी होती. कोळिकोडच्या पेनकूट्टू या त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला. एका स्टुलासाठी एवढी वर्षं! पण आलेला हक्क सगळ्या दुकानांत आला. तुमच्यापैकी कितीजणींना आपल्या कार्यालयातल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं माहीत आहेत? भिंतीवर लावणं बंधनकारक आहे, पण वाचलं कोणी?

तरीही दोष समसमान वाटून मोकळं होण्याचा माझा विचार नाही. ज्येष्ठ मैत्रिणींच्या हातात सही आहे, बाकीच्यांच्या नाही. त्यामुळे पहिलं पाऊल त्यांचं.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांच्याबद्दल कामगार संघटनांचे जे गंभीर आक्षेप आहेत ते मला मान्य आहेत, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण एक गोष्ट त्यांत आहे: प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नियुक्तिपत्र. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीही आहे. आपल्या विदर्भातल्या संस्थांनी सरकारी निरीक्षकाची वाट न पाहता हे आधी आपल्याकडे करावं. वस्तीत फिरणाऱ्या, समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, झाडणाऱ्या, सगळ्यांना. पत्रात पगार हा शब्द असावा, तास असावेत, रात्रीच्या कामाची बदली सुट्टी असावी. प्रकल्प संपल्यावर काय, हेही असावं. पुढच्या विभागीय बैठकीत मी हा विषय लेखी देणार आहे, आणि चर्चा ज्येष्ठ ताईंच्या अनुभवकथनाने सुरू न होता सर्वांत नव्या मुलीच्या पगारपत्रकाने सुरू व्हावी असं सुचवणार आहे. पगारपत्रक मिळत असेल तर तिने ते सोबत आणावं. मिळत नसेल तर तिने तसं बैठकीत सांगावं, आणि तिच्या संस्थेच्या ताईंनी त्याच बैठकीत तारीख द्यावी.